अंगठ्याखालची ज्योत

वामनकाका किंचाळले आणि मंडपातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डोळसबाबांचा अंगठा काकांच्या डाव्या डोळ्यावर होता. नुसता ठेवलेला नव्हे, चांगला रुतवलेला. दोन दांडगट सेवेकरी काकांचे खांदे खुर्चीला दाबून होते, तिसऱ्याने मागून केस धरले होते, आणि सत्तरी उलटलेला माझा काका पाय झाडत होता.

"काय दिसतंय? बोल!" बाबा गरजले.

"सोड... आई गो... सोड मना!"

"आईला नको बोलावू! ज्योत दिसली का ते सांग!"

"दिसली! पिवली... निली... चांदन्या दिसतान!"

अंगठा निघाला. झांजा वाजल्या, गुलाल उधळला गेला, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. पावणे नावाच्या गावातला तो मंडप गच्च भरला होता. पुढे गावातली म्हातारी माणसं, मागे एमआयडीसीतले कामगार, कडेला सीवूड्सहून गाड्या करून आलेल्या बायका. काकांच्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "बघ, कशी घाण बाहेर येतेय!"

मी मढवींची रंजिता. डोळ्यांची डॉक्टर, त्यातही पडद्याची. सीवूड्सला माझा दवाखाना आहे. वामनकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, म्हणजे त्या खुर्चीत माझ्या घरचंच माणूस बसलेलं. काकांच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला वयोमानाने होणारा आजार झाला होता. पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण माणसाचं तोंड ओळखतो आणि अक्षर वाचतो, तिथे नको त्या रक्तवाहिन्या उगवून झिरपत होत्या. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन देऊन मी ते थोपवून धरलं होतं. मग हा बाबा आला आणि काका दवाखान्यात यायचे बंद झाले.

बाबांनी माइक घेतला. "डॉक्टर लोक काय करतात? डोळ्यात सुई घालतात. सुई म्हणजे भोक! बादलीला भोक पाडलं तर पानी राहील काय? मग डोळ्याला भोक पाडून ज्योत कशी राहील? अरे, लॉजिक लावा लॉजिक! हे सगळं कॉस्मिक करंट आहे. माझ्या अंगठ्यात चारशे चाळीस व्होल्ट आहेत!"

लोकांनी माना डोलावल्या. चारशे चाळीस व्होल्टचा माणूस स्वतः मात्र टेबलफॅनच्या वाऱ्यात बसला होता.

"पुरावा पाहिजे ना पुरावा? जाळं आणा!"

काकांचा मुलगा दिपेश, याच मंडपाचा आयोजक, एक फाटकं मासळीचं जाळं घेऊन आला. ते काकांच्या मांडीवर पडलं, हातात जाळं विणायची बांबूची सुई दिली. आणि काकांची बोटं चालू लागली. भोक शोधलं, दोरा ओवला, गाठ मारली, पुढचं भोक. बघता बघता जाळं सांधलं गेलं. दिपेशच्या वयाची पोरं मोबाइल वर धरून वेडी झाली होती.

"भाई, बघ ना! कालपर्यंत दिसत नव्हतं, आज जाळं शिवतोय!"

"पुढच्या रविवारी उजवा डोळा!" बाबांनी हात वर केले. "दोन्ही ज्योती एक झाल्या की चष्मा खाडीत फेकायचा!"

माझं डोकं सणकलं. काकांचा उजवा डोळा चांगला होता. तेवढा एकच चांगला होता. त्याच्यावर हा राक्षस बसणार?

"हात लावू नका त्या डोळ्याला!" मी ओरडत पुढे घुसले. "त्यांना काही बरं झालेलं नाही! डोळा फुटेल!"

एका सेवेकऱ्याने मला असं ढकललं की मी दोन खुर्च्या घेऊन पडले. दिपेशने दंडाला धरून उठवलं आणि फरफटत बाहेर नेलं.

"ताई, घरची इज्जत मंडपात काढू नको. तू सुया टोचून काय दिवे लावलेस? सांग ना! माझ्या बापाला पहिल्यासारखं दिसायला लागलं काय?"

हेच तर दुखणं आहे. या आजारात बहुतेकांना इंजेक्शनने पहिल्यासारखं दिसत नाही. आहे ते टिकतं. आणि 'टिकतं' या शब्दाला कुणी टाळ्या वाजवत नाही.

मी घाबरले होते, ते उगाच नव्हे. महिन्याभरापूर्वी माझ्याकडे मानसिंग आला होता, पावण्यातल्या एका कारखान्यावरचा वॉचमन. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची जखम अजून ओली असताना तो याच खुर्चीत बसला होता. बाबांच्या अंगठ्याने ती जखम उसवली आणि डोळ्याच्या आत जे असतं ते बाहेर आलं. गालावर आलं. मला तो डोळा काढून टाकावा लागला. तक्रार कर म्हणून मी त्याला समजावलं, तर सेवेकऱ्यांनी त्याला कारखान्याच्या गेटवर गाठून लाथाबुक्क्यांनी तुडवलं. समोरचे दात गेले.

मंडपातल्या त्या प्रकारानंतर दोन दिवसांनी पुतळाकाकी, म्हणजे वामनकाकांची बायको, काकांना घेऊन दवाखान्यात आल्या. चष्म्याची काच बदलायची म्हणून खोटं सांगून आणलं होतं. काका रुबाबात आले. तक्ता लावायच्या आधीच म्हणाले, "लाव तुजा तक्ता. मना सगला दिसते."

दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांनी खरंच खालून दुसऱ्या ओळीपर्यंत धडाधड वाचलं.

"बघ! आता बोल!"

"छान. आता उजवा डोळा झाका."

काका दचकले. "ते नाय जमायचा. बाबानी सांगलंय, एक डोला झाकला की ज्योत तुटते."

तेव्हा मला त्या माणसाची अक्कल कळली. काय डोकं लावलं होतं हरामखोराने! माणूस दोन्ही डोळ्यांनी बघतो तेव्हा चांगला डोळा मुकाट्याने दोघांचं काम करतो आणि आजारी डोळ्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून तर डोळ्यांचा डॉक्टर आधी एक डोळा झाकायला लावतो. बाबांनी नेमकं तेच पाप ठरवून टाकलं होतं.

"झाका म्हनते ना ती!" काकी कडाडल्या आणि काकांनी नाइलाजाने हात लावला. तोही बोटं फाकवून. माझा टेक्निशियन प्रितम याने हसत हसत काळं झाकण लावलं.

"लाईट कशाला मालवलीस?" काका म्हणाले.

"लाईट चालू आहे, काका."

"मंग तक्त्याच्या मधी शाई कोनी सांडली?"

काकांनी झाकण ओढून काढलं आणि भिंतीवर भिरकावलं. तरीही हनुवटी टेकवून स्कॅन काढायला ते बसले, कारण काकी दाराशी उभ्या होत्या आणि बाहेर जायला दुसरी वाट नव्हती.

पडद्याचा स्कॅन म्हणजे पडद्याचा आडवा छेद, न कापता घेतलेला. शेवटच्या इंजेक्शननंतरचा जुना स्कॅन मी एका बाजूला लावला आणि आजचा दुसऱ्या बाजूला. काकींना म्हटलं, "तांदळाची भाकरी फुगली की वरचा पापुद्रा सुटतो ना? तेव्हा पडदा असा सपाट होता. आता खाली पाणी आणि रक्त साचून पापुद्रा सुटलाय. बाबांनी दाबल्यामुळे भर पडली की सुई बंद केल्यामुळे, ते मी शपथेवर सांगणार नाही. पण हे वाढतंय. आताच्या आता इंजेक्शन दिलं तर कडेचं तरी वाचेल."

काकींना कळलं. काका मात्र उसळले. "मशीन तुजा, डोला माजा! तक्ता मी वाचला का नाय? मंग कोनाचा खरा?"

"तक्ता पण खराच आहे, काका. तक्ता सांगतो माणूस किती वाचतो. पण माणूस हट्टी असतो, मान तिरकी करून कडेने वाचतो, अक्षरं पाठ करतो, बोटांच्या फटीतून बघतो. कधीकधी तर पडदा बिघडायला लागलेला असतो आणि तक्त्यावर फरकच पडत नाही. स्कॅनला तुमचा हट्ट माहीत नसतो. तो पडदा कसा आहे तेवढं दाखवतो. म्हणून मी दोन्ही करते आणि दोन्ही शेजारी ठेवते. एकट्याच्या भरवशावर कुणाचा डोळा सोडत नाही."

काका ऐकत होते असं वाटलं. तेवढ्यात काचेचा दरवाजा खळ्ळकन फुटला.

दिपेश आणि त्याच्यासोबत चारपाच पोरं. दिपेशने आत येता येता प्रितमच्या मुस्काटात भडकावली, तक्त्याची पेटी उचलून जमिनीवर आपटली. "बाबांची परीक्षा घेतेस? पाप लागेल माझ्या बापाला!"

मी पुढे झाले आणि दिपेशच्या कानाखाली अशी वाजवली की माझाच हात झिणझिणला. चुलतभाऊ आहे, लहानपणी माझ्या हातचा मार खाऊनच मोठा झालाय. पण आता तो मोठा झाला होता. त्याने मला भिंतीवर ढकललं आणि माझं डोकं आपटलं. काकांना त्याने दंड धरून उठवलं. जाता जाता काका एकदाच मागे वळले, स्क्रीनकडे बघितलं, आणि गेले.

इंजेक्शन राहिलं ते राहिलंच.

रविवारी सकाळी मी मंडपात गेले. सोबत काकी आणि डोळ्यावर पट्टी बांधलेला मानसिंग. पोलिसांना फोन केला होता, गाडी पाठवतो म्हणाले होते. तोवर वाट बघायला काकांकडे आणखी एक चांगला डोळा शिल्लक नव्हता.

दाराशीच मारामारी झाली. सेवेकऱ्यांनी मानसिंगला ओळखलं आणि काठी घातली. एकाने हातातली झांज माझ्या तोंडावर मारली. ओठ फाटला, रक्त साडीवर सांडलं. मला आणखी एक बसणार तेवढ्यात काकी मधे उभ्या राहिल्या.

"मार! दिपेशच्या आयशीला मार! गावाच्या समोर मार!"

सेवेकऱ्याचा हात वरच राहिला. काकी सरळ चालत स्टेजवर गेल्या. काका खुर्चीत बसले होते, केस धरलेले. बाबा अंगठ्याला भस्म लावत होते. काकींनी त्यांच्यापुढचा माइक उचलला.

"बाबा, अंगठा मंग दाबा. मना येक सांगायचा हाय. तुमी त्या दिवशी जाला सांधायला दिलात. आवो, जाला डोल्यानी इनत नाय, बोटानी इनतान. मी आन हे, राकेल वाचवायला दिवा मालवून इनायचो. हिकरच्या सगल्या म्हाताऱ्याना ठावं हाय. काय गो, बोला ना! तोंडाला कुलूप लावलाय काय?"

पुढच्या रांगेत एक म्हातारी खुदकन हसली. मग दुसरी. मग त्या सगळ्याच. आणि मागे उभी असलेली गावची पोरं, ज्यांनी जमिनीवर चाळी बांधल्या, गाळे भाड्याने दिले, पण जन्मात कधी जाळ्याला हात लावला नाही, ती एकमेकांकडे बघू लागली. त्यांना खरंच माहीत नव्हतं. कसं असणार? त्यांच्या बापांनी खाडीतली मासेमारी सोडली तेव्हा ती पाळण्यात होती.

"ज्योत! ज्योतीचं काय?" बाबा ओरडले. "ज्योत खोटी आहे काय?"

मी माइक घेतला. ओठातून रक्त येत होतं, शब्द नीट उमटत नव्हते. "ज्योत खरी आहे. मंडळी, सगळ्यांनी डोळे मिटा. बोट पापणीवर, कानाकडच्या कोपऱ्यात ठेवा. अगदी हलकं दाबा, बाबांसारखं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, डोळ्याचा आजार असलेल्यांनी करू नका. आता नाकाच्या बाजूला बघा. काय दिसतं?"

सगळ्यांची बोटं पापण्यांवर गेली. मग एक बाई किंचाळली, "अगो, आली! माज्या पन डोल्यात आली!"

"मेरे को भी!"

"गोल आहे! हलवलं की हलतंय!"

मंडपभर तेच. बाबा "पाप! पाप!" म्हणत नाचत होते आणि त्यांची चारशे चाळीस व्होल्टची ज्योत फुकटात घरोघरी पोचत होती.

"पडद्याला एकच गोष्ट सांगता येते, उजेड," मी म्हटलं. "त्याच्यावर प्रकाश पडला तरी तो उजेड सांगतो, त्याला चेपलं तरी उजेडच सांगतो. थोबाडीत बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ते काय काजवेबाबा पाठवतो? काका ज्योत बघत नव्हते. त्यांचा डोळा ओरडत होता!"

मग मी काकांकडे वळले. केस धरणारा सेवेकरी कधीच सटकला होता. काकींनी मागून येऊन आपला तळहात काकांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला, बोटं घट्ट मिटून.

"काका, समोर बाबा उभे आहेत. सरळ त्यांच्याकडे बघा."

काकांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ह्याचा डोस्का कुठं गेला?"

"काय दिसतं ते सांगा."

"कपरे हायत. हात हायत. मान नाय, तोंड नाय. वर सगला काला." त्यांनी मान फिरवली. "दिपेश? दिपेश, तुजा पन तोंड नाय रं!"

असं बोलून काका रडले नाहीत. खुर्ची उलथवून ते बाबांच्या अंगावर गेले. तोंड दिसत नव्हतं, पण दाढी हाताला लागली. काकांनी ती धरून बाबांना खाली खेचलं आणि छातीवर गुडघा रोवला. त्याबरोबर मंडप फुटला. जे लोक गेल्या रविवारी पाया पडत होते तेच आता खुर्च्या घेऊन धावले. लाथा, बुक्के, चपला. एका बाईने पूजेचं ताट बाबांच्या कपाळावर हाणलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मारा, असंच मनात आलं.

मग गर्दीतून मानसिंग आला. त्याने बाबांच्या छातीवर बसून दोन्ही अंगठे त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवले.

"ज्योत दिख रही है, बाबा? बोल! दिख रही है?"

"आँख नहीं! आँख पे नहीं!" बाबा गुरासारखे ओरडत होते. "डॉक्टर! कोई डॉक्टर को बुलाओ! डॉक्टरसाहेब, माझे डोळे वाचवा!"

मी मानसिंगची मनगटं धरली. तो माझ्याहून दुप्पट ताकदीचा, आणि त्याचा राग माझ्या रागापेक्षा शंभरपट खरा. मी त्याला ओढून काढू शकले नसते. "मानसिंग, तुझा डोळा मी काढलाय," मी म्हटलं. "मला आणखी एक काढायला लावू नको. तक्रार कर. या वेळी सगळं गाव साक्षीदार आहे."

त्याने अंगठे काढले आणि जमिनीवर बसून हमसून हमसून रडू लागला.

माइक अजून चालूच होता. मी तो उचलला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? स्वतःच्या डोळ्यावर बेतल्यावर बाबा कुणाला हाका मारतो? अंगठ्याला नाही. भस्माला नाही. डॉक्टरला! आणि त्याच्या डोळ्यांची तपासणी मीच करणार आहे, कारण ते माझं काम आहे. आता हात आवरा. विचार न करता पाया पडलात, आता विचार न करता मारताय. फरक काय झाला?"

पोलिसांची गाडी तेव्हा आली. मानसिंगने तक्रार दिली, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. बाबांचे दोन्ही डोळे मी तपासले. शाबूत होते. तक्ता वाचताना प्रितमने त्यांना एक डोळा झाकायला सांगितला, तर मुकाट्याने झाकला.

काकांना मी त्याच दिवशी इंजेक्शन दिलं. आता नियमाने देते. रक्त हटलं, पण मधे डाग कायमचा राहिला. त्या डोळ्याला आता कुणाचंही तोंड कधी दिसणार नाही. उजवा डोळा तेवढा राहिला, कारण अंगठा तिथवर पोचला नाही.

मागच्या खेपेला काका खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "रंजे, खरा सांग. मी मधी बंद केला नसता तर?"

दिपेश शेजारीच उभा होता. खोटं बोलणं सोपं होतं.

"तर बराचसा वाचला असता, काका."

काका दिपेशला म्हणाले, "तू नेलास, पन खुर्चीवर मी बसलो. रडू नको. रंजे, तू मातर सांग लोकाना. नाव घेऊन सांग, वामन मढवीचा डोला असा गेला म्हनून."

म्हणून सांगतेय. घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांना खिडकीच्या गजांसमोर उभं करा. चष्मा असेल तर लावून. एक डोळा झाका, मग दुसरा. एखादा गज वाकडा दिसला, मधे काळं दिसलं, तर थांबू नका, पडद्याच्या डॉक्टरकडे जा. तक्ता वाचा आणि स्कॅनही काढा. हे नुसतं घरच्या घरी ओळखण्यापुरतं आहे, सगळं सरळ दिसलं म्हणून तपासणी चुकवू नका. इंजेक्शनची भीती वाटते, मलाही वाटेल. पण जो माणूस तुम्हाला एक डोळा झाकून बघू देत नाही, त्याच्यासमोर डोळे मिटून बसू नका. हे वाचून झालं की उठा आणि आजच बघा.